लॉगबुकातला एक रकाना : नागरी विमान वाहतूक महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
सफदरजंग विमानतळासमोर, नवी दिल्ली

विषय : वैमानिकाने स्वतःच्या हाताने विमान उडवलेल्या वेळेची लॉगबुकात वेगळी नोंद असावी याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मी निवृत्त वैमानिक आहे. प्रवासी विमानांवर २६ वर्षं काढली. त्यातली शेवटची नऊ वर्षं उड्डाणं सांभाळून सिम्युलेटरवर नव्या मुलांना शिकवलं. आपल्या कार्यालयाशी आयुष्यभर इंग्रजीत पत्रव्यवहार केला, हे पत्र मात्र मराठीत लिहितोय. घर तारण ठेवून ज्यांनी मुलाला-मुलीला बारामतीला नाहीतर गोंदियाला उडायला पाठवलंय, त्या आईबापांनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे.

आधी एक प्रसंग सांगतो. सांगलीकडची एक मुलगी, वय तेवीस. कमर्शियल लायसन्सचे दोनशे तास पूर्ण, टाइप रेटिंगची, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवण्याच्या परवानगीची, परीक्षा पहिल्या फटक्यात पास. विमानाच्या कुठल्याही सिस्टीमबद्दल विचारा, मॅन्युअलच्या पानासकट उत्तर देणार. सिम्युलेटरमध्ये आम्ही ३५,००० फुटांवर होतो. रात्र, सगळं शांत, ऑटोपायलट लावलेला. मी मुद्दाम विषय काढला, घरी कोण कोण असतं? ती आजीबद्दल सांगू लागली आणि तिचं वाक्य संपायच्या आत मी वेग मोजणाऱ्या तिन्ही पिटो नळ्यांत बर्फ धरल्याचा बिघाड दिला. ऑटोपायलट सुटल्याची ती कर्कश तुतारी वाजली, पडद्यावर पिवळ्या-लाल ओळींची रांग लागली, वेगाचे आकडे कोसळले. तिने स्टिक, म्हणजे विमान वळवायची दांडी, धरली आणि मागे ओढली; मागे ओढली की नाक वर जातं. फार नाही, पण ओढून धरून ठेवली. थोड्या वेळात ‘स्टॉल, स्टॉल’ असा, पंख विमान पेलायचं सोडतोय याचा इशारा देणारा, आवाज सुरू झाला, तरी स्टिक मागेच.

मी सिम्युलेटर थांबवलं. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. विचारलं, “अगं, काय करत होतीस?” म्हणाली, “सर, उंची चालली होती असं वाटलं.” बिघाड दिला त्या क्षणी उंची एक फूटही गेलेली नव्हती.

ही मुलगी हुशार होती, आजही आहे. आज ती उत्तम फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. नऊ वर्षांत पहिल्या खेपेला, पूर्वसूचना न देता, मी हा बिघाड ज्यांना ज्यांना दिला, त्यांतल्या बहुतेकांचा हात मागेच गेला. सांगून दिला की सगळे बरोबर करायचे.

१ जून २००९ च्या रात्री अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या उड्डाणात हेच घडलं, फक्त तिथे थांबवायचं बटण नव्हतं. रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेलं एअरबस ए-३३०, आत २२८ माणसं. कॅप्टन काही मिनिटांपूर्वीच विश्रांतीला गेले होते. जागतिक वेळेनुसार २ वाजून १० मिनिटांनी बर्फाच्या कणांनी पिटो नळ्या तुंबल्या, वेगाचं मोजमाप बिघडलं आणि ऑटोपायलटने अंग काढून घेतलं. डावीकडच्या पडद्यावरचा वेग २९ सेकंदांत परत आला. विमान धडधाकट होतं, इंजिनं चालू होती. नाक क्षितिजाच्या किंचित वर ठेवून, इंजिनाची ताकद ठरावीक आकड्यावर लावून कुणी गप्प बसलं असतं, तर पॅरिसच्या प्रवाशांना न्याहारी वेळेवर मिळाली असती. उजव्या खुर्चीतल्या वैमानिकाने स्टिक मागे घेतली. विमान सुमारे ३८,००० फुटांवर चढलं, तिथे वेग संपला आणि ते पोटावर पडत खाली येऊ लागलं. नाक वर, पण उतरण्याचा वेग मिनिटाला दहा हजार फुटांच्या आसपास. ऑटोपायलट सुटल्यापासून समुद्रापर्यंत ४ मिनिटं २३ सेकंद. मध्येच कॅप्टन परत आले, तरी शेवटच्या क्षणांपर्यंत त्या कॉकपिटमध्ये नक्की काय चाललंय याचा तिघांनाही उलगडा झाला नव्हता. आपण इतका वेळ स्टिक मागे धरून होतो, हे त्या तरुण वैमानिकाच्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा उंची उरली नव्हती.

फ्रान्सच्या चौकशी संस्थेचा अंतिम अहवाल जुलै २०१२ मध्ये आला. त्यातली एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. त्या विमानात वेग ६० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे १११ किलोमीटरच्या, खाली गेला की संगणक पंखाच्या कोनाचं मोजमाप अविश्वसनीय मानायचा आणि स्टॉलचा इशारा बंद करायचा. विमान इतक्या खोल स्टॉलमध्ये गेलं होतं की नेमकं हेच झालं. वैमानिक स्टिक मागे धरून असताना इशारा गप्प. मध्येच त्याने नाक थोडं खाली केलं, म्हणजे बरोबर केलं, तर वेग वाढला आणि इशारा पुन्हा ओरडू लागला. अंधारात, घामेजल्या हातांनी बसलेल्या माणसाला यंत्राने काय शिकवलं? चुकीचं केलं की शांतता, बरोबर केलं की आरडाओरडा. आपल्याकडच्या बातम्यांत याची ओळ झाली ‘वैमानिकाची चूक’. चूक होतीच, ती मी झाकत नाही. पण त्या दोन शब्दांवर फाइल बंद केली की पुढच्या मुलाच्या हातात आपण काहीच देत नाही.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे, हे वाचणाऱ्या आईबापांसाठी सांगतो. लहानपणी एसटीच्या खिडकीतून आपण सगळ्यांनी हात बाहेर काढलाय आणि कंडक्टरचं बोलणं खाल्लंय. तळवा थोडा तिरका केला की हात आपोआप वर उचलला जातो. आणखी तिरका, आणखी वर. मग एका कोनानंतर तो वर जाणं थांबतं, वारा नुसता तळव्यावर आपटतो आणि हात मागे ढकलला जातो. पंखाचंही तसंच. समोरच्या वाऱ्याला पंख किती कोनात भिडतो, त्याला आम्ही अँगल ऑफ अटॅक म्हणतो. तो मर्यादेबाहेर गेला की पंख उचलायचं सोडून देतो. त्यावर उपाय एकच, नाक खाली करून कोन कमी करा. खाली पडत असताना नाक आणखी खाली करायचं, हे शरीराला पटत नाही. म्हणूनच ते शरीराला शिकवावं लागतं, डोक्याला शिकवून भागत नाही.

मला ते हडपसरला शिकवलं गेलं, आपल्याच महासंचालनालयाच्या ग्लायडिंग सेंटरवर. सोळा वर्षांचा होतो, पहाटे सायकल मारत जायचो. विंचने बिनइंजिनाचं ग्लायडर वर ओढलं, दोर सुटला, आणि मागच्या सीटवरून सर म्हणाले, “आता स्टिक हळूहळू मागे घे आणि फक्त कान दे.” काचेबाहेर वाऱ्याची जी शीळ असते ती मंदावत गेली. मग जवळजवळ बंद झाली. स्टिक हातात भिजलेल्या दोरीसारखी ढिली लागायला लागली. मग पूर्ण ग्लायडर थरथरलं आणि नाक आपसूक खाली गेलं, पोटात खड्डा पडला. मी घाबरून स्टिक आणखी ओढली. सरांनी मागून खांद्यावर जोरात थाप मारली : “सोड! पुढे दे!” पुढे दिली आणि शीळ परत आली. त्या एका सकाळी मी ते दहा वेळा केलं. चाळीस वर्षं झाली, ती शीळ मंदावल्याचा आवाज अजून कानात आहे.

इथे मला स्वतःच्याच बोलण्याला अडवावं लागतं. एअर फ्रान्सच्या त्या वैमानिकाकडेही ग्लायडरचं लायसन्स होतं, २००१ मध्ये घेतलेलं. म्हणजे तरुणपणी एकदा शिकलेलं पुरत नाही. हात विसरतात. पोहणं विसरत नाही म्हणतात, पण आठ वर्षं तलावाकडे न फिरकलेल्या माणसाला रात्री झोपेतून उठवून विहिरीत ढकललं तर काय होईल, याची खात्री मी देणार नाही.

महोदय, हा धडा आपल्या देशाला फ्रान्सकडून शिकायची गरज नव्हती. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं उड्डाण मुंबईहून बंगळूरला गेलं. एअरबस ए-३२०, अगदी नवं, आत १४६ माणसं. दुपारची वेळ, धावपट्टी समोर दिसत होती. विमान ‘ओपन डिसेंट’ नावाच्या मोडमध्ये होतं. या मोडमध्ये इंजिनं आयडलवर, म्हणजे कमीत कमी ताकदीवर, जातात आणि वेग सांभाळायचा तो नाक खाली ठेवून. पण धावपट्टी गाठण्यासाठी नाक वर धरलं जात होतं, त्यामुळे वेग गळत गेला. १३२ नॉटच्या आसपास हवा होता, तो १०६ पर्यंत उतरला. हा मोड लागला कसा? चौकशीतून पुढे आलेली सर्वात पटणारी शक्यता अशी, की मिनिटाला ७०० फूट उतरण्याचा दर लावायचा होता, तर शेजारचं उंचीचं बटण फिरवलं गेलं आणि ७०० फूट उंची लागली. दोन बटणं, शेजारी शेजारी. पुढे फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे नाक कुठे ठेवायचं ते पडद्यावर दाखवणाऱ्या खुणा, बंद करायचे म्हणून एका वैमानिकाचा बंद झाला, दुसऱ्याचा चालूच राहिला. त्या विमानात दोन्ही बंद झाल्याशिवाय इंजिनांचा ताबा वेग सांभाळणाऱ्या मोडकडे जात नव्हता. इंजिनं आयडलवरच राहिली. शेवटी संरक्षण यंत्रणेने पूर्ण ताकद मागितली, पण आयडलवरच्या जेट इंजिनाला ताकद घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढे सेकंद नव्हते. विमान धावपट्टीआधीच्या गोल्फच्या मैदानावर आदळलं. ९२ जण गेले.

कॉकपिटमध्ये दोन अनुभवी कॅप्टन होते. आपण इतका वेळ आयडल ओपन डिसेंटमध्ये उतरत होतो का, हा प्रश्न त्यांच्यापैकी एकाने विचारल्याचं टेपवर आहे. तो प्रश्न आला तेव्हा फार उशीर झाला होता. मी तेव्हा नवखा होतो, आणि ही टेप उतरवलेली पानं आम्ही एकमेकांत फिरवून वाचली होती. आमच्यातला प्रत्येक जण मनात एकच विचार करत होता : माझा हात थ्रॉटलवर असता, तर इंजिनाचा आवाज पडल्याचं मला कळलं असतं का?

त्या विमानात ऑटोथ्रस्टने, म्हणजे इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेने, ताकद कमी-जास्त केली तरी थ्रॉटलचे दांडे हलत नाहीत. म्हणजे हाताला काहीच कळत नाही, पडद्यावरची अक्षरं वाचावी लागतात. पण दांडे हलले म्हणून माणूस वाचतोच असंही नाही. २५ फेब्रुवारी २००९ ला ॲमस्टरडॅमला टर्किश एअरलाइन्सचं बोइंग ७३७ उतरत होतं, जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या डाव्या रेडिओ अल्टिमीटरने उंची उणे ८ फूट दाखवली, ऑटोथ्रॉटलला वाटलं विमान टेकलं, त्याने दांडे मागे ओढले. ते डोळ्यांसमोर मागे गेले आणि तिघा वैमानिकांनी ते वेळेत टिपलं नाही. नऊ जण गेले. त्याच महिन्यात, १२ फेब्रुवारीला, अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरच्या विमानाचा वेग पडला, नाक वर-खाली करायची दांडी हातात थडथडून इशारा देत होती, आणि कॅप्टनने ती मागे खेचली. ५० जण गेले. एअरबसमध्ये नसतात तशा, तिथे दोघांच्या दांड्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. एअरबस वाईट आणि बोइंग चांगलं, असा वाद आपल्याकडे हौसेने घातला जातो. मला त्यात रस नाही. तीन वेगळ्या घडणीची विमानं, आणि तिन्हींत माणूस यंत्रावर नजर ठेवायच्या खुर्चीत बसून बसून उडवणाऱ्याच्या खुर्चीतून नकळत उठून गेला होता.

डिसेंबर २०१४ मध्ये एअर एशियाच्या सुराबायाहून सिंगापूरला निघालेल्या विमानात तर सुरुवात एका तडा गेलेल्या सोल्डरच्या जोडापासून झाली. बिघाडाचा इशारा पुन्हा पुन्हा येत होता, सर्किट ब्रेकर ओढला गेला, ऑटोपायलट सुटला, आणि पुन्हा तेच : स्टिक मागे, स्टॉल, १६२ मृत्यू. कॅप्टन ‘पुल डाऊन’ म्हणत राहिले. पुल म्हणजे ओढ, डाऊन म्हणजे खाली. ओढल्यावर नाक वर जातं. ऐकणाऱ्याने काय करायचं?

आपल्याकडे पाटण्याला १७ जुलै २००० रोजी अलायन्स एअरचं जुनं ७३७ स्टॉल होऊन वस्तीवर कोसळलं, विमानातले ५५ आणि जमिनीवरचे पाच जण गेले. तिथे ऑटोमेशनचा फारसा प्रश्न नव्हता. पण थरथर सुरू झाल्यावर स्टॉलमधून बाहेर काढण्याची कृती न होता विमान पुन्हा वर नेण्याची कृती झाली. त्या काळी आम्हाला शिकवायचेही तसंच. स्टॉलचा इशारा आला की ताकद द्या, नाक धरून ठेवा आणि उंची गमावू नका. शंभर फूट गमावले की परीक्षक नापास करायचा. २००९ च्या अपघातांनंतर विमान बनवणाऱ्या कंपन्या आणि नियामकांनी मिळून ही पद्धत बदलली, आधी कोन कमी करा, उंची नंतर मिळवता येते. माझ्या पिढीच्या हातात मात्र वीस वर्षं उलटंच भरलं गेलं होतं. ते काढायला मला स्वतःला किती दिवस लागले ते मी जाणतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आज प्रवासी विमान हाताने उडवायचं कुठे? २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात विमानं एकमेकांच्या वर-खाली फक्त हजार फूट अंतरावर उडतात, त्यामुळे तिथे उंची ऑटोपायलटनेच सांभाळायची. नियम योग्य आहे. पण त्याचा अर्थ असा, की ज्या उंचीवर वैमानिकाचं बहुतेक आयुष्य जातं, तिथे त्याने प्रवाशांसह विमान कधीच हातात घेतलेलं नसतं. तिथली हवा विरळ, स्टॉलचा कोन खालच्यापेक्षा बराच कमी, स्टिक जरा हलवली तरी विमान जास्त प्रतिसाद देतं. आणि नेमक्या त्याच उंचीवर यंत्र एके दिवशी म्हणतं, घे, आता तू सांभाळ.

खाली हात मोकळा असतो, पण तिथे धास्ती असते. प्रत्येक उड्डाणाचा डेटा तपासला जातो, ते झालंच पाहिजे. पण एकदा नागपूरला, निरभ्र दुपारी, मी दहा हजार फुटांपासून विमान हाताने उतरवलं. शेजारच्या मुलालाही बघायला मिळावं हाही हेतू होता. टायर टेकले तेव्हा कुणाला कळलंही नसेल. आठवड्याने माझ्याकडून खुलासा मागवला गेला, एका टप्प्यावर वेग ठरलेल्या पट्ट्याबाहेर चार नॉट गेला होता. खुलासा दिला, प्रकरण मिटलं. पण तो मुलगा काय शिकला? ऑटोपायलट लवकर लावा, उशिरा काढा, पत्र येत नाही. त्याची चूक नाही, त्याला घराचे हप्ते आहेत.

ऑटोपायलटमुळे विमान प्रवास सुरक्षित झाला, हे मी छातीठोकपणे सांगतो. धुक्यात दिल्लीला उतरताना मी त्याचे मनोमन आभार मानलेत. माझी मागणी त्याच्या विरोधात नाही.

मागणी अशी. लॉगबुकात रात्रीचे तास वेगळे लिहितो, इन्स्ट्रुमेंटचे तास वेगळे लिहितो. तशी ‘हाताने उडवलेली मिनिटं’ वेगळी लिहायला लावा. लॉगबुक आता ई-जीसीएवर, म्हणजे आपल्याच ऑनलाइन प्रणालीवर, भरतात, रकाना वाढवायला कागदही छापावा लागणार नाही. आकडा खरा की खोटा याचीही चिंता नको. ऑटोपायलट कोणत्या सेकंदाला लागला आणि सुटला, हे प्रत्येक विमानाच्या नोंदीत असतं. कंपन्यांकडे तो डेटा पडून आहे. वैमानिकाला खुलासा मागताना तो काढला जातो, तर त्याच्या हिताची मोजणी करायलाही काढता येईल. त्या मिनिटांची सहा महिन्यांची किमान मर्यादा ठरवा. ती खालच्या उंचीवर, चांगल्या हवेत, रहदारी कमी असताना पूर्ण करू द्या, आणि त्या वेळातल्या किरकोळ फरकांसाठी खुलासे मागवू नका. जी उंची प्रत्यक्षात मिळत नाही, तिच्यासाठी सिम्युलेटरच्या दर फेरीत ३५,००० फुटांवरची मिनिटं बांधून द्या आणि त्यात एक बिघाड न सांगता द्यायला लावा. न सांगता, हा शब्द परिपत्रकात असू द्या. सांगून दिलेल्या बिघाडात सगळे पास होतात, मी नऊ वर्षं बघितलंय.

कंपन्या म्हणतील खर्च वाढेल. सिम्युलेटरच्या तासाचा भाव मला माहीत आहे, थोडा वाढेल. हाताने उतरवलेलं विमान कधी कधी चार नॉट इकडे-तिकडे होईल, हेही खरं. ते आज, निरभ्र दुपारी, शेजारी जाणता माणूस बसलेला असताना होऊ द्या.

शेवटी, हा आकडा किती येतो याची कल्पना यावी म्हणून सांगतो. २००९ च्या त्या अपघातानंतर मी माझ्या लॉगबुकात शेरे लिहायच्या जागेत पेन्सिलीने एक उभी रेघ मारली आणि प्रत्येक उड्डाणाची हाताची मिनिटं लिहायला लागलो. निवृत्तीआधीच्या शेवटच्या पूर्ण वर्षात मी सातशेच्या वर तास उडलो. हाताने उडवलेले भरले ३१ तास, आणि मी हौसेने, खुलासे देऊन उडवणारा माणूस. त्यातली वीस हजार फुटांच्या वरची मिनिटं शून्य. ती वही माझ्या कपाटात आहे. आपल्या कार्यालयाला ती बघायची असेल तर कळवा, टपालाने पाठवणार नाही, मी स्वतः दिल्लीला घेऊन येईन.

कळावे,

आपला,
एक निवृत्त कॅप्टन
पुणे